तामलवाडी आगार, बाटली नंबर एक

आण्णा दुकानात कधी 'केवढ्याला?' असं विचारत नाहीत. वस्तू हातात घेतात, उलटी करतात, तिचं बूड बघतात, नखाने जरा टोकरतात आणि विचारतात, "हे केलंय कसं?" दुकानदाराला ते माहीत नसतं. त्याने ती सोलापुरातून आणलेली असते. मग आण्णा वस्तू होती तिथे ठेवतात, "घरी होतंय की," म्हणतात आणि पायरी उतरतात. तामलवाडीतल्या दुकानदारांनी त्यांना गिऱ्हाईक समजणं केव्हाच सोडून दिलंय. ते आले की खुर्ची देतात. गिऱ्हाइकाला कोणी खुर्ची देत नाही.

आण्णा माझे चुलते. तुळजापूर आगारात एसटीचे मेकॅनिक म्हणून त्यांची नोकरी झाली. अंगात पांढरी बंडी, गळ्यात तुळशीची माळ आणि बंडीच्या खिशात टेस्टर. माळ आणि टेस्टर यांतलं आंघोळीच्या वेळी काय उतरतं, असं काकूंना विचारलं तर त्या म्हणतात, "माळ तर नाहीच उतरत. आणि टेस्टर उतरलेला मी बघितला नाही."

निवृत्तीनंतर त्यांनी काय काय केलं याची यादी मोठी आहे. मी फक्त रवीचं सांगतो, कारण ती मी चालताना पाहिली आहे. ताक घुसळताना रवी एकदा इकडे फिरते, एकदा तिकडे. एसटीच्या काचेवरचा वायपरही तेच करतो. ही गोष्ट आजवर हजारो माणसांनी पाहिली असेल, पण दोन्ही एकाच वेळी फक्त आण्णांना दिसल्या. त्यांनी भंगारातून वायपरची मोटर आणली, रवीला जोडली, आणि रवी झकास फिरली. अडचण इतकीच की एसटीची मोटर चोवीस व्होल्टची. तिला दोन बॅटऱ्या लागतात. बॅटऱ्या चार्ज करायला जे वीजबिल येई त्यात काकूंचं महिन्याचं लोणी बाजारातून आलं असतं. पण हा हिशोब आण्णांपुढे मांडण्यात अर्थ नाही. त्यांना लोणी हवंच नव्हतं. त्यांना शुगर आहे, कोलेस्टेरॉल आहे, आणि दाढा नाहीत. आण्णांनी केलेला गुलकंद आण्णा खात नाहीत, केलेला साबण लावत नाहीत (त्यांना तो चुणचुणतो). वस्तू तयार झाली की तिच्यातला त्यांचा जीव निघून जातो.

हे कळलं की पुढचं कळेल. कारण ज्या माणसाने जन्मात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही, जो आषाढी-कार्तिकीला पंढरपूर चुकवत नाही, त्याने तामलवाडीत वाइन केली.

खापर फोडायचं तर माईच्या अंगणावर फोडावं लागेल. माई त्यांची मुलगी, अमेरिकेत ओहायोत असते. मे महिन्यातल्या एका रविवारी ती व्हिडिओवर घराचं अंगण दाखवत होती. हिरवं गवत आणि त्यात पिवळी फुलंच फुलं. आण्णा चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "माई, तुझ्या दारात पाथरी लई माजलीय गं. म्हशीला घालत नाही व्हय?"

"आण्णा, पाथरी नाही ती. डॅन्डेलियन म्हणतात. आणि म्हैस कुठली इथं?"

मागे जावई पाठीवर पंप लावून फवारणी करत होते. सॉफ्टवेअरमधल्या जावयाच्या पाठीवर पंप पाहून काकूंच्या डोळ्यात पाणी आलं. त्यांना वाटलं, नोकरी गेली. माईने समजावलं की गवतात हे पिवळं तण दिसलं की शेजारी नाक मुरडतात, कारण त्याचा कापूस होऊन बी उडतं आणि त्यांच्या गवतात पडतं. म्हणून दरवर्षी पैसे घालून ते मारावं लागतं. आण्णांना हे पटेना. दूध वाढवणारी वनस्पती पैसे घालून मारायची?

त्यांचं वनस्पतिशास्त्र म्हशीकडून आलेलं आहे, आणि म्हशीचं फारसं चुकत नाही. डॅन्डेलियन आणि आपली पाथरी या खरंच एकाच, म्हणजे सूर्यफुलाच्या कुळातल्या. दोन्ही जमिनीसरपट, दोन्हींचं पान करवतीसारखं कातरलेलं, दोन्ही मोडल्या की पांढरा चीक येतो. डॅन्डेलियन हे नावच फ्रेंचमधल्या 'सिंहाचा दात' या शब्दांवरून आलंय, ते या पानामुळे. फरक आकाराचा. त्यांचं फूल जुन्या रुपयाएवढं, आपलं शर्टाच्या बटणाएवढं. हा फरक पुढे फार महागात पडणार होता.

फोन ठेवता ठेवता माई म्हणाली, "शेजारचे आजोबा मात्र मारत नाहीत. ते या फुलांची वाइन करतात घरी."

"फुलाची?"

"हो."

"फुकटच्या?"

इथेच ते प्रकरण सुरू झालं असं मी मानतो. 'वाइन' हा शब्द आण्णांच्या कानावरून गेला. 'फुकट' हा आत शिरला.

पुढच्या रविवारी मी सोलापूरहून गेलो तर आण्णांनी शेजारच्या आजोबांची कृती माईकडून वहीत उतरवून घेतलेली. मापं गॅलनची होती, ती त्यांनी लिटरमध्ये आणि कंसात ऑइलच्या डब्यांमध्ये केली होती. चार लिटर पाकळ्या, तेवढंच उकळतं पाणी. दोन दिवस भिजत. मग गाळून सव्वा किलो साखर, संत्री, लिंबू, मूठभर बेदाणे आणि यीस्ट. फुलात साखर नसते, त्यामुळे सगळी साखर बाहेरून. बेदाणे अंगाला भरीवपणा यावा म्हणून. आणि बाटलीत सहा महिने धीर.

मी साहजिक तो प्रश्न विचारला जो तुमच्याही मनात आला असेल. द्राक्षाची का नाही? नान्नज इथून काही लांब नाही. नानासाहेब काळ्यांनी थॉमसन सीडलेसमधून सोनाका हे वाण तिथेच निवडून काढलं. सोलापूर, नान्नज आणि काळे यांची आद्याक्षरं मिळून ते नाव झालं. तिकडे अकलूजला फ्रॅटेलीवाले वाइनची द्राक्षं लावून बसलेत. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन ठेवू द्यायचा निर्णय सरकारने घेतला तेव्हा वाइन ही दारू की नाही यावर आपल्या पारावर आठवडाभर भांडण झालं, त्यात आण्णाही होते, 'दारूच' या बाजूने.

आण्णा म्हणाले, "द्राक्षाची कुणी पण करतंय. त्यात काय हाय? आणि द्राक्षं इकत."

मग फूल कोणतं, यावर घरात विचारविनिमय झाला. झेंडूला काकूंनी तोंड वाकडं केलं. करडई आमच्या भागात भरपूर, फलटणच्या निंबकरांच्या संस्थेने करडईच्या पाकळ्यांचा चहाही काढलाय. पण करडईच्या बोंडातून पाकळ्या ओढायच्या तर आधी बोटं टोचून घ्यायची. बाभळीचं फूल पिवळंधमक, पण बाभळीचं नाव काढताच खालच्या आळीचा मामा, जो कुठल्याही चर्चेत कुठूनतरी उगवतो, तो म्हणाला, "आण्णा, बाभळीचं फूल न्हाई, साल टाकायची असती. आन् गूळ." त्याच्या आवाजातला अनुभव ऐकून सगळे गप्प बसले. राहिला तरवड. माळावर नुसता पिवळा पसारा. सोलापुरातले तेलुगू लोक याच फुलांची बतकम्मा रचतात. आण्णा तरवडावर येऊन थांबले होते, इतक्यात काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "नवरात्रात घटाला ज्याची माळ घालतो त्याची दारू करणार? तुळजापूर हितून दिसतंय, एवढं ध्यानात ठेवा."

दिसत नाही खरं तर. पण आण्णांना दिसलं असावं. पाथरी ठरली.

यानंतर मी कायद्याचा विषय काढला. माझ्यासारख्या कारकुनाला तो काढावा लागतो. १९४९चा दारूबंदी अधिनियम आपल्या राज्यात अजून जागेवर आहे; परवान्याशिवाय घरात गाळणं तर सोडाच, आंबवणंही बसत नाही. प्यायलासुद्धा परवाना लागतो, एका दिवसाचा, देशीला दोन रुपये आणि विदेशीला पाच. गंमत म्हणजे ओहायोतल्या त्या आजोबांना त्यांच्या घरात दोन माणसं धरून वर्षाला दोनशे गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटर वाइन स्वतःपुरती करायची मुभा आहे. आणि तामलवाडीला तर स्वतःचं पोलीस ठाणं आहे.

आण्णा विचारात पडले. एसटीत जन्म गेलेला माणूस नियमाला भितो आणि अर्जावर विश्वास ठेवतो. रात्री त्यांनी मसुदा केला. विषय: 'पाथरीच्या फुलांपासून घरगुती द्रव तयार होत असल्याबाबत.' तो द्रव कोणी करत नव्हतं. पाऊस पडावा तसा तो होत होता. अर्जाच्या शेवटी 'तरी साहेबांनी योग्य ती नोंद घ्यावी' असंही होतं. मी म्हटलं, साहेब नोंद घेतील, आणि नंतर तुम्हालाही घेतील. तो कागद काकूंनी सकाळी चूल पेटवायला वापरला. पण आण्णांना तोवर दुसरी वाट सापडली होती. मेडिकलच्या दुकानात द्राक्षासव मिळतं, कुमारी आसव मिळतं, बाळंतिणीला दशमूलारिष्ट पाजतात. धायटीची फुलं घालून ते सगळं आंबवलेलंच असतं. घरच्या माळकरी आजीने ते चमच्याने घेतलेलं त्यांनी पाहिलं होतं. "आपण वाइन करायचीच न्हाई," आण्णा म्हणाले. "आपण आसव करायलाव." नाव बदललं म्हणून कायदा फसत नाही, हे मी सांगितलं. पण आण्णांना कायद्याला फसवायचं नव्हतंच. त्यांना स्वतःच्या माळेची समजूत काढायची होती.

पौष संपता संपता फुलं गोळा करायला सुरुवात झाली. चार लिटर पाकळ्या हे मोजमाप ज्याने लिहिलं त्याचं फूल रुपयाएवढं होतं, हे मी वर सांगितलंच. शिवाय हिरवा देठ आला की कडू होतं, म्हणून नुसत्या पाकळ्या खुडायच्या. पहिल्या दिवशी आण्णा आणि काकू सकाळभर बांधावर वाकले आणि चहाची एक बशी भरली. ऊन चढलं की पाथरी फूल मिटून घेते, त्यामुळे दुपारची पाळी बाद. मग शाळेची पोरं लावली. वाटीला एक रुपया. पोरांनी चौथ्या दिवशी धंदा ओळखला आणि वाटीच्या तळाला झेंडू घालायला सुरुवात केली. आण्णांनी तपासणी बसवली. पोरांनी झेंडू बारीक कातरला. शेवटी आण्णांनी माप चार लिटरवरून 'जमेल तेवढं' असं खाली आणलं, आणि त्यात झेंडू नक्की किती होता हे त्या पोरांनाच माहीत.

हा उद्योग गावापासून लपणं शक्यच नव्हतं. कोणी विचारलं तर काकू सांगत, "ह्यांच्या शुगरचं औषध हाय." सोपं, पटण्यासारखं उत्तर. पण काकूंनी एक विसरलं, की तामलवाडीत आण्णांइतकीच शुगर आणखी चाळीसेक जणांना असेल.

चिनी मातीची मोठी बरणी काकूंनी दिली नाही. "लोणच्याच्या बरणीला हात लावायचा न्हाई," एवढंच म्हणाल्या. मग काचेचा एक जुना जार सोलापूरच्या बाजारातून आला. सव्वा किलो साखर पडली. यीस्ट एका बेकरीवाल्याकडून, पावाचं. हे यीस्ट अल्कोहोल वाढलं की लवकर दमतं; वाइनचं खास यीस्ट जास्त टिकतं, पण ते मागवायचं म्हणजे विकत. कृतीत शेवटी लिहिलं होतं, यीस्टला खाद्य म्हणून थोडं डीएपी. आण्णांचा चेहरा उजळला. परदेशी कृतीत पहिल्यांदा ओळखीचं माणूस भेटलं. ते उठून गोठ्यात गेले आणि खताच्या पोत्यातून मूठभर घेऊन आले.

सुदैवाने माई फोनवर होती. "आण्णा! खताचं नाही! खाण्याचं वेगळं असतं!"

"डीएपी म्हणजे डीएपीच की. अठरा-शेहेचाळीस."

रसायनाचं नाव तेच, डायअमोनियम फॉस्फेट. पण खताच्या पोत्यात आणखी काय काय येतं हे पोतंवालाही सांगत नाही. मूठ गोठ्यात परत गेली. आण्णा बराच वेळ हिरमुसले होते. आमच्या खालच्या आळीच्या मामाने तर नवसागर सुचवला, पण त्याला तिथून उठवण्यात आलं.

जार देवघरामागच्या खोलीत ठेवला. घर माळवदाचं, हातभर जाड मातीचं छत, खोली उन्हाळ्यातही गार. तोंडाला बूच, बुचातून सलाइनची नळी, नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत. आतला वायू बाहेर पडावा, बाहेरची हवा आत जाऊ नये. आण्णांनी ती नळी लावताना मला समजावलं, "इंजिनाला ब्रीदर असतो ना, तसं." दुसऱ्या दिवशी पहाटे पहिला बुडबुडा आला. गुडुक. आण्णा जारासमोर पाट टाकून बसले. घड्याळ लावून मोजले. मिनिटाला नऊ. वहीत लिहिलं: 'इंजिन चालू.'

आता अडचण अशी, की गुरुवारी त्यांच्याकडे हरिपाठाला माणसं जमतात आणि ती देवघरात बसतात. टाळ थांबला, सगळे क्षणभर शांत झाले, आणि भिंतीमागून आवाज आला: गुडुक. कोणी काही बोललं नाही. पुन्हा टाळ, पुन्हा शांतता, पुन्हा गुडुक. तिसऱ्या गुरुवारी तर एक म्हातारा टाळकरी त्या गुडुकवर समेला यायला लागला. शेवटी त्याने विचारलंच. काकू म्हणाल्या, "शुगरचं औषध शिजायलंय." त्याच रात्री दोन जण आपापल्या बाटल्या ठेवून गेले. ज्या द्रवात सव्वा किलो साखर होती त्याची वाट गावातले शुगरवाले बघू लागले. पुढे यीस्ट सगळी साखर खाऊन टाकतं, अर्धी तिची दारू होते आणि अर्ध्याचा वायू, हे खरं. पण ते गावाला सांगायचं कसं? आण्णा दर आठवड्याला म्हणत, "अजून झालं न्हाई." सहा महिने हे एकच वाक्य त्यांनी सरकारी गांभीर्याने पुरवलं.

खरा पराक्रम मोजणीचा. साखर किती उरली हे कळायला द्रवाची घनता मोजतात. द्राक्षवाल्यांकडे साखर मोजायचं यंत्र असतं, पण माघात द्राक्ष तोडणीला आलेलं; त्या दिवसांत द्राक्षवाला बायको माहेरी पाठवेल, यंत्र देणार नाही. आण्णांकडे त्यांचा स्वतःचा हायड्रोमीटर होता. बॅटरीचं पाणी मोजायचा. निवृत्तीच्या वेळी इतरांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं, आण्णांनी मागून हायड्रोमीटर घेतला होता. कोरा, डबीत, एकदाही ऍसिडला न लागलेला. बॅटरी भरलेली असली की तो बाराशे साठच्या वर दाखवतो, आणि त्याच्या पट्टीवरची शेवटची रेघ अकराशेची. आण्णांनी जारातलं पाणी ओढलं. काटा नेमका अकराशेवर. त्यांचा चेहरा उतरला.

"मेलेली बॅटरी हाय ही."

"आण्णा, वाइनला बरोबर आहे ते. अकराशेपासून सुरू होतं आणि हजाराच्या खाली जातं. डिस्चार्ज झाली की तयार."

ही कल्पना त्यांना विलक्षण आवडली. आयुष्यभर डिस्चार्ज होऊ नये म्हणून झटलेल्या माणसाला प्रथमच डिस्चार्जची वाट बघायची होती. पण तिसऱ्या दिवशी हायड्रोमीटरची गोळी तळाला बसली ती बसलीच. अकराशेच्या खाली त्याला काही दिसत नाही. आण्णा तडक दूध संकलन केंद्रावर गेले आणि रात्रीपुरता लॅक्टोमीटर मागून आणला. तो दुधातलं पाणी पकडतो, त्याची पट्टी एक हजार ते एक हजार चाळीस. जारात सोडला तर तो पाण्यावर उभाच राहिला, बुडायला तयार नाही. म्हणजे द्रव अजून चाळीसच्या वर.

थोडक्यात, अकराशेच्या वर काय चाललंय ते एसटीला कळत होतं, एक हजार चाळीसच्या खाली काय चाललंय ते डेअरीला. या दोहोंच्या मधल्या साठ अंशांच्या मुलखात वाइन काय करते, याची तामलवाडीत कुणालाच खबर नव्हती. त्या दिवसांची वही मी पाहिली आहे. 'गाडी तुळजापूरहून सुटली. सोलापूरला पोचली नाही. मध्ये कुठे आहे ते कळत नाही.' पुढच्या दिवशी: 'कळत नाही.' त्याच्या पुढच्या दिवशी: 'कळत नाही. आवाज येतो.' मग एका रात्री लॅक्टोमीटर थोडासा बुडाला. पस्तीस. आण्णांनी रात्री साडेदहाला मला फोन केला. "गाडी टोलनाक्यावर दिसली!"

फाल्गुनात ती शून्यावर आली, म्हणजे पाण्याएवढी, आणि मग त्याच्याही खाली. गुडुक थांबलं. हरिपाठाचे सम पूर्ववत झाले.

इथे बाटल्या फुटतील अशी तुमची अपेक्षा असेल. अशा गोष्टींत त्या फुटतातच. ऐन चैत्रात, मध्यरात्री, बंदुकीसारखा आवाज होऊन. नाही फुटल्या. साखर पूर्ण संपल्याशिवाय बाटलीत भरायचं नाही, हा नियम आण्णांनी पाळला. मेकॅनिकला दाबाची भीती शिकवावी लागत नाही. सरबताच्या सहा बाटल्या, वर ओलं गोणपाट. मी त्यांना रे ब्रॅडबरीच्या 'डॅन्डेलियन वाइन' या १९५७ च्या कादंबरीबद्दल सांगितलं होतं, की त्यातले आजोबा उन्हाळ्याच्या एकेका दिवसाची एकेक बाटली तळघरात ठेवतात. कादंबरीचं बाकी काही त्यांच्या लक्षात राहिलं नाही, पण बाटल्यांवर नोंद असावी हे राहिलं. प्रत्येक बाटलीवर कागद चिकटला: 'तामलवाडी आगार. १.' 'तामलवाडी आगार. २.'

कोजागरीला उघडायची ठरलं. त्या दिवसांत सोलापूरहून तुळजापूरला पायी जाणाऱ्यांची रात्रंदिवस रीघ आमच्या रस्त्याने असते, आण्णा त्यांना चहा देतात. चहाची दुसरी खेप झाल्यावर, रात्री दोनच्या सुमारास, त्यांनी मामाला मागच्या खोलीत बोलावलं. घरात प्यायला पात्र असा एवढाच माणूस. मी होतो, पण माझ्या जिभेवर आण्णांचा भरवसा नव्हता. बाटली नंबर एक उघडली. पेल्यात ओतली. रंग सुरेख, उन्हात धरलेल्या मधासारखा. मामाने एक घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला, आणि बराच वेळ भिंतीकडे बघत बसला.

"बोल की," आण्णा म्हणाले.

"आण्णा, रागवू नका. चांगलंय. पर हे पिऊन मानूस सरळ घरी जाईल."

आण्णांनी वहीत लिहिलं: 'चाचणी झाली. चालक सरळ घरी गेला.'

मीही नंतर घोटभर घेतली. आधी पावाच्या बेकरीचा वास, मग लिंबू, आणि मागून पाथरीच्या भाजीचा कडवटपणा, जो गिळल्यावरही तुमच्याबरोबर थोडं चालत येतो. वाईट नव्हती. पुन्हा मागावी अशीही नव्हती. आण्णांना मात्र या कशातलं काही कळणार नव्हतं. त्यांनी पेला नाकाजवळ नेला, हात माळेला लागला, आणि पेला खाली ठेवला. त्या रात्री पहिल्यांदा मला त्यांचं वाईट वाटलं. गुलकंद खाल्ला नाही तरी गोड झालाय हे दुसऱ्याच्या तोंडावरून कळतं. हिच्याबद्दल त्यांना मामाच्या आणि माझ्या शब्दावर अवलंबून राहणं आलं, आणि दोघांचेही शब्द त्यांना पुरेसे वाटत नव्हते.

डिसेंबरात माई आली. सामानात, स्वेटरांत गुंडाळून, शेजारच्या आजोबांनी दिलेली एक बाटली. खरी डॅन्डेलियनची. संध्याकाळी जेवणं झाल्यावर ती पाटावर ठेवली, शेजारी 'तामलवाडी आगार, २'. आण्णांनी दोन्ही बाटल्या उलट्या करून त्यांची बुडं बघितली. रंग ताडून पाहिला. मग काही न बोलता उपरणं खांद्यावर टाकून बाहेर पडले आणि डेअरीवरून लॅक्टोमीटर घेऊन आले.

दोन पेले. आधी ओहायोचा. लॅक्टोमीटर सोडला; तो शून्याच्या रेघेखाली, थेट मानेपर्यंत गेला. डेअरीच्या भाषेत, शंभर टक्के पाणी, दूध परत न्या. मग आपला. आण्णांनी श्वास धरला. आमचा सगळ्यांचा धरला गेला, काकूंचाही. लॅक्टोमीटर हलला, डुलला, आणि मानेपर्यंत गेला. आण्णांनी चष्मा काढून रेघ डोळ्यांजवळ नेली, पुन्हा ओहायोत बुडवून बघितली, पुन्हा आपल्यात.

"बरोबरीत हाय," ते हळूच म्हणाले. एवढंच. त्यानंतर तास-दीड तास त्यांनी माईला त्या आजोबांचे ब्रीदर, जार, बुचं याबद्दल विचारलं, आणि दोन्ही पेल्यांतलं काय झालं याकडे पाहिलंही नाही. (ते मी बघितलं.)

सकाळी सहाला लॅक्टोमीटर परत द्यायला मीही सोबत गेलो. लाइट नव्हती, मोटर चालू झाली नव्हती, म्हणून तो आण्णांनी नुसता उपरण्याने पुसला होता. केंद्रावर किटल्यांची रांग. पोराने लॅक्टोमीटर घेतला, पहिल्या किटलीत सोडायला गेला, थांबला, आणि नाकाजवळ नेला.

"आण्णा, वास कसला यायलाय ह्याला? कुणाच्या म्हशीचं मोजलंव?"

"अमेरिकेच्या."

पोराने तो आणखी एकदा हुंगला.

"फॅट किती लागतंय?"